‘माझ्या जीन्समध्येच आहे’ असं नवरा म्हणतो तेव्हा

पत्राचा गोषवारा: गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका ४३ वर्षांच्या वाचक ताईंचं हे पत्र. पती ४७ वर्षांचे. खाणीवर त्यांचा स्वतःचा ट्रक होता, तेव्हा सणावारापुरती घ्यायचे. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक विकावा लागला आणि पिणं रोजचं झालं. आता टॅक्सी चालवतात. रात्री आठला सुरुवात करून फेणीचे चार लार्ज होतात. सासरे दारूपायी लिव्हर खराब होऊन गेले, तरी घरात अजून कौतुकानं सांगतात की अर्धी बाटली रिचवून ते जत्रेतल्या नाटकाला उभे राहायचे आणि एक वाक्य चुकायचं नाही. नवराही तसाच ‘पचवणारा’. एका नातेवाइकाच्या आग्रहावरून लाळेची जनुक-तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये लिहिलंय: ‘डीआरडी-टू जनुक, ए-वन एक प्रत, डोपामिन कमी, व्यसनाचा धोका जास्त’. खाली पूरक गोळ्यांची जाहिरात. तेव्हापासून पती म्हणतात, “बघ, माझ्या जीन्समध्येच आहे, मी काय करणार?” ताईंचे प्रश्न तीन. हे खरं आहे का? १५ वर्षांच्या मुलाचीही तपासणी करावी का? आणि मैत्रिणीनं आणून दिलेली, जेवणातून नकळत द्यायची ‘दारू सोडवायची गोळी’ द्यावी का? पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: “सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, पण कामाला कधी उशीर नाही.”

ताई,

रिपोर्टबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय आणि चहाच्या कपाबद्दल एक ओळ. सुरुवात त्या ओळीपासूनच करावी लागेल, कारण अख्ख्या पत्रात वैद्यकीयदृष्ट्या सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

रोज रात्री दारू मेंदूवर ब्रेक दाबते. वर्षानुवर्षं असं झालं की मेंदू तोल सांभाळायला अॅक्सिलरेटर दाबून ठेवायला शिकतो. शेवटच्या पेगनंतर सहा ते बारा तासांत ब्रेक सुटतो, अॅक्सिलरेटर तसाच राहतो: हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, छाती धडधडते. कप दोन्ही हातांनी धरावा लागतो तो बहुधा याच कारणानं. थरथरीला थायरॉइडसारखी दुसरी कारणंही असतात, ती डॉक्टर तपासतील. पण रोज चार लार्ज आणि सकाळची थरथर एकत्र दिसली की शरीर दारूवर अवलंबून आहे असंच आधी धरून चालायचं.

याचा अर्थ एक गोष्ट कटाक्षानं टाळायची: एका दिवसात बंद करायला लावणं. आपल्याकडे श्रावण पाळायचा म्हणून किंवा देवाला शब्द दिला म्हणून लोक एका रात्रीत सोडतात. थोडं पिणाऱ्याला ते चालून जातं. हात थरथरणाऱ्या माणसाला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात बरळणं, नसलेलं दिसणं, ताप, असं सगळं सुरू होऊ शकतं. ती अवस्था जीवघेणी असते. “सोडली आणि वेडा झाला” अशा ज्या गोष्टी गावात ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच अशाच घडलेल्या असतात. डॉक्टर हे काम लिब्रियमच्या जातीच्या, मेंदूला शांत ठेवणाऱ्या गोळ्या देऊन आणि त्या पाच-सात दिवसांत उतरवत नेऊन करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, इंजेक्शनातून देतात. थायमिन ग्लुकोजच्या आधी द्यायचं असतं. नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर उरलंसुरलं थायमिन संपून मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून “जरा सलाईन लावून आणू” हा शेजाऱ्यांचा सल्ला ऐकू नका.

आता ती गोळी. नकळत द्यायच्या अशा पुड्यांत आणि गोळ्यांत बहुतेकदा डायसल्फिराम असतं, आणि नसलं तर काय असतं ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, चांगल्या हातात उपयोगीही आहे. लिव्हरमध्ये दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग एका विकरामुळे (एन्झाइममुळे) ते निरुपद्रवी होतं. डायसल्फिराम त्या दुसऱ्या पायरीलाच कुलूप लावतं. माणूस प्यायला की विष साचतं: चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, उलट्या, नाडी धावते, रक्तदाब कोसळतो. ज्याला माहीत आहे तो या भीतीनं पीत नाही. औषध चालतं ते त्या जाणत्या भीतीवर. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखे चार लार्ज घेतो, आणि तुमचे पती तर रात्री घ्यायचं ते घेऊन सकाळी टॅक्सी काढतात. हृदय किंवा लिव्हर आधीच कमकुवत असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. उघडपणे घेणाऱ्यालासुद्धा खोकल्याची औषधं, टॉनिकं, व्हिनेगर घातलेले पदार्थ यांबद्दल बजावावं लागतं. जेवणातून देऊ नका, ताई. फसवलं गेल्याचं कळलं तर तुमच्या हातचं जेवण आणि उपचाराबद्दलचा विश्वास दोन्ही एकदम जाईल.

आता रिपोर्ट. ‘ए-वन’ कुठून आलं ते समजलं तर त्याचं वजन आपोआप कळतं.

१९९० मध्ये अमेरिकेत केनेथ ब्लम, अर्नेस्ट नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० मृत व्यक्तींच्या मेंदूंचे नमुने तपासले. त्यांतले निम्मे दारूच्या व्यसनातले, निम्मे नव्हते. डोपामिन हे मेंदूतलं रसायन पकडणाऱ्या डी-टू ग्राहकाचं (रिसेप्टरचं) जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं; त्याच्या जवळच्या एका खुणेचं ए-वन हे रूप व्यसनी गटात पुष्कळ जास्त सापडलं. ‘दारूचं जनुक सापडलं’ असा गाजावाजा झाला. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं पडताळणी केली तेव्हा तसा संबंध दिसला नाही, आणि नंतरची कित्येक वर्षं कुणाला दिसतो, कुणाला दिसत नाही, असंच चालू राहिलं. २००४ मध्ये तर कळलं की ती खूण डी-टू जनुकात नाहीच. ती शेजारच्या एएनकेके-वन नावाच्या जनुकात आहे. घर क्रमांक सहाची तक्रार आणि नोटीस मात्र सातला, असा प्रकार.

मग सगळं खोटं का? नाही. पुढे लाखो लोकांची संपूर्ण जनुकं चाळून अभ्यास झाले, त्यांत डी-टूचा परिसर खरोखर पुन्हा वर आला. पण तो एकटा नव्हता, इतर कित्येक जागांसोबत होता, आणि प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. शिवाय त्या अभ्यासांतले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. तिथले आकडे डिचोलीतल्या माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तुमच्या रिपोर्टनं न सांगितलेली गोष्ट ही: भारतीय उपखंडात ए-वनची निदान एक प्रत जवळजवळ दर दोन माणसांमागे एकाकडे असते. डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या भरल्या कदंब बसमध्ये निम्म्या प्रवाशांचा रिपोर्ट तुमच्या पतींसारखाच येईल, आणि त्यातले बहुतेक जण संध्याकाळी घरी जाऊन चहा पितात.

‘डोपामिन कमी’ हे वाक्य तर लाळेच्या तपासणीतून लिहिताच येत नाही. लाळेतून डीएनएची अक्षरं वाचतात, मेंदूतलं रसायन मोजत नाहीत. डोपामिन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ हेही अर्धवटच आहे. त्याचं मुख्य काम हवंसं वाटायला लावणं आणि ‘इथं काहीतरी मिळणार’ हे शिकवणं. बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज, ठरावीक बाकडं, आठ वाजले की येणारा मित्राचा “पात्रांव, येतोस मरे?” असा फोन: सरावलेल्या मेंदूत डोपामिन उसळतं ते अशा खुणांना, पहिल्या घोटाच्या आधीच. म्हणून पिण्यातली मजा कधीच संपलेली असली तरी ओढ संपत नाही. जास्त पिणाऱ्यांच्या मेंदूत डी-टू ग्राहक कमी दिसतात हे खरं, पण त्यातलं काही आधीपासूनचं असतं आणि काही पिण्यामुळे झालेलं. माकडांवरचा एक प्रयोग इथं बोलका आहे: एकेकटी ठेवलेली माकडं एकत्र कळपात ठेवल्यावर जी वरचढ ठरली त्यांच्या मेंदूत डी-टू ग्राहक वाढले, आणि संधी असूनही त्यांनी कोकेन कमी घेतलं. जनुकं तीच होती, कळपातली जागा बदलली होती.

तुमच्या पतींचंही तसंच पाहा. २०११ मध्ये त्यांच्याकडे हीच ए-वन प्रत होती आणि ते चवथीला, शिगम्याला दोन पेग घेऊन थांबत होते. २०१८ नंतर बदलला तो ट्रक, बदलली ती मिळकत आणि वाडीतला मान. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात हे एकट्या त्यांच्याच वाट्याला आलेलं नाही. रिपोर्टसोबतच्या पूरक गोळ्या मात्र नक्की घेऊ नका. टायरोसिनसारखं अमिनो आम्ल जास्त खाल्लं म्हणून मेंदू त्या प्रमाणात डोपामिन बनवत नाही. बनवण्याचा वेग ठरवणारं विकर आधीच जवळजवळ पूर्ण क्षमतेनं भरलेलं असतं.

घराण्याचा धोका मात्र खरा आहे, आणि तो तुम्हाला लाळ न देताही माहीत होता. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा निघतो. याचा अर्थ ‘मुलाला निम्मी शक्यता’ असा नाही. समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला निम्मा जनुकांकडे जातो, इतकंच. डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांवर काम प्रसिद्ध केलं: जन्मदात्याला व्यसन, पण वाढले दुसऱ्या घरी. अशा मुलग्यांपैकी १८ टक्के पुढे व्यसनी झाले, इतर दत्तक मुलग्यांत ५ टक्के. जवळजवळ चौपट. आणि तरीही शंभरातले ८२ झाले नाहीत. दोन्ही आकडे एकदमच लक्षात ठेवायचे.

यात एक खूण अशी आहे जी कुठल्याही डोपामिन-जनुकापेक्षा घरबसल्या जास्त सांगते, आणि तुमच्या घरात तिचंच कौतुक चाललंय. ‘पचवतो’. सॅन दिएगोचे मार्क शुकिट यांनी विशीतल्या मुलग्यांना मोजून दारू दिली आणि कोण किती झुलतो ते नोंदवलं. दहाएक वर्षांनी, १९९४ मध्ये त्यांनी निकाल मांडला. व्यसनी वडिलांच्या मुलांपैकी ज्यांना दारू कमी चढत होती त्यांतले ५६ टक्के व्यसनी झाले होते. ज्यांना पटकन चढत होती त्यांतले १४ टक्के. कारण साधं आहे. दोन पेगांत डोळे मिटू लागणाऱ्याला शरीरच थांबवतं. ज्याला चौथ्यापर्यंत काही जाणवत नाही, त्याची थांबायची घंटाच बिघडलेली असते, आणि लिव्हर मात्र चारही पेग मोजत असतं. सासऱ्यांच्या नाटकाची गोष्ट म्हणजे आजाराचं लक्षण होतं, टाळ्या घेणारं.

टॅक्सीबद्दल हाच हिशेब. ६० मिलिलिटरचा एक लार्ज, ४२-४३ टक्क्यांची फेणी, म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. चार लार्ज म्हणजे ८०. शरीर ताशी साधारण सात ते दहा ग्रॅम जाळतं. आठला सुरू केलेली दारू पूर्ण उतरायला पहाटेचे चार ते सकाळचे साडेसात वाजतात. विमानतळाचं पहाटेचं भाडं घेताना त्यांना ‘काहीच वाटत नाही’, पण कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती वाटण्यावर चालत नाही. (हंगामात ‘हुर्राक काय, सरबतच’ म्हणत काजूची ही पहिल्या धारेची दारू पिणाऱ्या वाचकांसाठी: १५ टक्क्यांच्या हुर्राकचा २०० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे २४ ग्रॅम, लार्जपेक्षा जास्त. ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बियर म्हणजे दोन लार्ज.)

तर “माझ्या जीन्समध्येच आहे” याला उत्तर काय द्यायचं? माझा सल्ला असा की वाद घालू नका. ए-वन म्हणजे काय नि काय नाही हे त्यांना पटवत बसू नका. इतक्या वर्षांत स्वतःच्या पिण्यात काहीतरी आजारासारखं आहे असं हा माणूस पहिल्यांदाच म्हणतोय. भले सुटका म्हणून म्हणत असेल. तो धागा धरा. सकाळी, उतरलेली असताना, मुलगा घरात नसताना, एवढंच म्हणा: “ठीक, जीन्समध्ये आहे असं धरू. बाबाही त्यानंच गेले. मग हा रिपोर्ट घेऊन बांबोळीला डॉक्टरांना दाखवू, हाताच्या थरथरीचंही विचारू.” थरथर त्यांनाही दिसते, त्यामुळे ती नाकारणं अवघड जातं. ‘दारुडा’, ‘बेबदो’ हे शब्द त्या दिवशी नकोत. नाही म्हणाले तर आठवड्यानं पुन्हा, तितक्याच शांतपणे.

बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे मानसोपचार संस्थेत, व्यसनाचे उपचार होतात. गोवा मेडिकल कॉलेज शेजारीच असल्यानं लिव्हरचंही एकाच फेरीत बघता येतं. जाताना रोजचं खरं प्रमाण, शेवटचा पेग कधी घेतला, आधी कधी फिट आली होती का आणि चालू औषधं हे कागदावर लिहून न्या. रक्ततपासणीत जीजीटी, एसजीओटी, एसजीपीटी (ही लिव्हरची विकरं) आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) मागतील. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीपेक्षा जास्त आलं तर दारूचा संशय बळावतो. जनुकांच्या रिपोर्टपेक्षा हा कागद स्वस्त, आणि तो दर तीन महिन्यांनी बदलतो. सुधारणा आकड्यात दिसली की माणसाला हुरूप येतो.

दारू सुरक्षितपणे उतरवल्यावर ओढ कमी करणारी औषधं असतात. नाल्ट्रेक्सोन रोज एक ५० मिलिग्रॅमची गोळी, पिण्यातली गंमत बोथट करतं. लिव्हर फार बिघडलेलं असेल किंवा अफूजन्य वेदनाशामकं चालू असतील तर नाही देत. अॅकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, मूत्रपिंड ठीक असेल तर. लिव्हरचा आजार असेल तर बऱ्याचदा बॅक्लोफेनचा विचार होतो. कुठलं औषध लागू पडेल हे जनुक पाहून ठरवता येईल अशी नाल्ट्रेक्सोनबाबत मोठी आशा होती, पण २०१५ च्या चाचणीत ती टिकली नाही. तेव्हा कुणी ‘जीनप्रमाणे औषध’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

ज्यांचं पिणं अजून थरथरीपर्यंत गेलेलं नाही अशांसाठी एक गोष्ट आपल्या गोव्यातच सिद्ध झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ऑडिट नावाची प्रश्नावली असते, शून्य ते चाळीस गुण. आठ किंवा जास्त आले तर सावध व्हायचं, वीस किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञ. मधल्या, बारा ते एकोणीस गुणांच्या सुमारे पावणेचारशे पुरुषांवर ‘संगत’ या संस्थेनं इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत चाचणी घेतली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी, आदल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले या गटात ४२ टक्के निघाले, नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्यांत १८ टक्के. बैठकांत फार गूढ काही नसतं: कुठल्या खुणेनं ओढ लागते ते शोधणं, आग्रहाला नाही कसं म्हणायचं याचा सराव, ओढ आली की पुढचा अर्धा तास कसा काढायचा याची आखणी. आठच्या त्या फोनाचं काय करायचं, हे तुमच्या पतींनाही उपचारानंतर असंच ठरवावं लागेल.

मुलाची तपासणी करू नका. निकाल काहीही आला तरी त्याच्या बाबतीत करायचं तेच राहतं. ए-वन आली तर ‘माझ्यातही आहे’ हे वाक्य त्याला पंधराव्या वर्षीच मिळेल, नाही आली तर ‘मला काही होत नाही’. मोठेपणीच उपयोगी पडू शकणाऱ्या अशा तपासण्या लहानांच्या करू नयेत, हा वैद्यकात सर्वसाधारण संकेतही आहे. त्याला सरळ सांगा: आजोबा दारूनं गेले, आपल्या घरात धोका जास्त आहे, आणि पुढे कधी मित्रांपेक्षा तुला कमी चढतेय असं दिसलं तर ती फुशारकीची गोष्ट नाही, थांबायची आहे. पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांत पुढे व्यसनाचं प्रमाण एकविशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या चौपट आढळलंय. सगळा दोष लवकर सुरू करण्याचा नसेल, तरी उशीर करणं फायद्याचंच. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासांत पालकांचं लक्ष कमी आणि वातावरण मोकाट असेल तिथं जनुकांचा प्रभाव जास्त दिसला, लक्ष असेल तिथं कमी. म्हणून संध्याकाळी त्याला बारमधून सोडा-बर्फ आणायला पाठवत असाल, तर ते आजपासून बंद.

तुमच्यासाठी: दारू सोडणाऱ्यांच्या एए गटांसारखेच घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट असतात, नवरा उपचाराला तयार नसला तरी तुम्ही एकट्या जाऊ शकता. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मधल्या काळात त्यांना फिट आली, ते बरळू लागले, रक्ताची उलटी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, १०८ ला फोन करून सरळ बांबोळी. आणि मैत्रिणीनं दिलेल्या त्या गोळ्यांचं पाकीट टाकून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा, म्हणजे त्यात नेमकं काय होतं ते कळेल. आजवर एखादी जेवणातून गेलेली असेल तर तेही त्यांना सांगा.